नाताळआधीचे चार रविवार

नोव्हेंबर उजाडतो न उजाडतो तोच दुकानांच्या काचांमागे नाताळची झाडे उभी राहतात, मोबाइलच्या पडद्यावर सांताक्लॉज सवलतींची पाटी घेऊन धावू लागतो, आणि खरे तर ख्रिस्तजन्माच्या रात्रीपासून पुढे गायची गीते लिफ्टमध्ये, विमानतळावर आणि ग्राहक सेवेचा फोन लागेपर्यंतच्या प्रतीक्षेत वाजू लागतात. त्यापाठोपाठ, तितक्याच नेमाने, नाताळचा बाजार झाला अशी आमची हळहळही सुरू होते. ही हळहळ खोटी नसली तरी मला ती अपुरी वाटते. बाजाराचे पंचांग मालाच्या आवकजावकेवर चालते आणि त्यात नाताळ लवकर आला तर त्यात बाजाराचे काही चुकले असे म्हणता येत नाही. चुकलेच असेल तर ते एवढ्यापुरते, की आपल्याजवळ आपले स्वतःचे पंचांग असताना आपण ते उघडूनही पाहत नाही आणि मग दुसऱ्याच्या पंचांगात आपला सण सापडत नाही म्हणून रुसून बसतो.

मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, त्या पंचांगात नाताळच्या आधी आगमनकाळ आहे, म्हणजे ख्रिस्ताच्या येण्याची वाट पाहण्याचा आणि त्यासाठी तयारी करण्याचा काळ. ३० नोव्हेंबर हा प्रेषित अंद्रियाचा सण, आणि त्याच्या सर्वांत जवळचा जो रविवार तो आगमनकाळाचा पहिला रविवार. म्हणजे २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्या दरम्यान तो केव्हाही येतो. रविवार नेहमी चारच मिळतात, दिवस मात्र कमीजास्त होतात. २०२२ साली हा काळ पूर्ण २८ दिवसांचा होता, तर २०२३ साली चौथा रविवार नेमका २४ डिसेंबरला आला आणि सकाळी आगमनकाळाची शेवटची उपासना व रात्री ख्रिस्तजन्माची उपासना अशी सर्वांची धांदल उडाली.

नोव्हेंबरातच नाताळच्या तयारीला लागणे ही मूळची बाजाराची कल्पना नव्हे, हे फारसे कुणाच्या लक्षात नसते. पाचव्या शतकात आजच्या फ्रान्समधील तूर येथील बिशप पर्पेतुअस यांनी ११ नोव्हेंबरच्या संत मार्टिनच्या सणापासून नाताळपर्यंत आठवड्यातून तीन दिवस उपवास घालून दिला होता. पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स मंडळी आजही १५ नोव्हेंबरपासून ४० दिवसांचा उपवास पाळतात. मिलान शहराच्या जुन्या उपासनापद्धतीत आगमनकाळ सहा आठवड्यांचा आहे. रोमच्या परंपरेत तो चार रविवारांवर स्थिरावला. म्हणजे आपले पूर्वजही नोव्हेंबरातच नाताळच्या तयारीला लागत होते, पण त्यांची तयारी पोट रिकामे ठेवण्यापासून सुरू होत होती आणि आपली भरण्यापासून होते.

बाजार सणाच्या तारखेशी कसा वागतो याचा एक नमुना अमेरिकेच्या इतिहासात आहे. तेथे आभारप्रदर्शनाचा सण नोव्हेंबरच्या शेवटच्या गुरुवारी पाळला जाई आणि नाताळची खरेदी त्यानंतरच सुरू व्हायची असा संकेत होता. १९३९ साली नोव्हेंबरात पाच गुरुवार आले, शेवटचा ३० तारखेला पडला आणि खरेदीचे दिवस घटणार म्हणून व्यापाऱ्यांनी गळ घातली. तेव्हा राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी तो सणच आठवडाभर अलीकडे, २३ तारखेला ओढला. काही राज्यांनी ते मानले, काहींनी मानले नाही, आणि अखेर १९४१ साली कायदा करून चौथा गुरुवार कायम करावा लागला. देवाचे आभार मानण्याचा दिवस दुकानदारांच्या सोयीसाठी हलू शकतो, हे त्या प्रकरणात अगदी राजरोसपणे घडले. आगमनकाळाचा पहिला रविवार मात्र अजून कुणाच्या विनंतीवरून हललेला नाही, आणि मला त्याचा एक मोठा उपयोग वाटतो तो हाच, की तो कुणी विचारण्याची वाट न पाहता आपल्या ठिकाणी येऊन उभा राहतो.

बाजार आपल्याकडून हिरावून घेतो तो सणाचा पवित्रपणा, असे सरसकट म्हटले जाते. मला वाटते तो त्याआधीच दुसरे काहीतरी घेतो, आणि ते म्हणजे वाट पाहणे. आगमनकाळाच्या दिनदर्शिकेचेच पाहा. एकोणिसाव्या शतकात जर्मनीतील ल्यूथरपंथीय घरांतून दारावर खडूच्या रेघा ओढून रोज एक रेघ पुसण्याची रीत होती. विसाव्या शतकाच्या आरंभी म्युनिकचे गेरहार्ड लांग यांनी ती दिनदर्शिका छापून विकायला काढली, पुढे तिला लहान लहान दारे आली, दारांमागे चित्रे आली, मग चॉकलेट आले आणि आता तर त्या दारांमागे अत्तरे व सौंदर्यप्रसाधनेही असतात. छापील दिनदर्शिका नेहमी १ डिसेंबरलाच सुरू होते, मग आगमनकाळ त्या वर्षी २७ नोव्हेंबरला सुरू झालेला असो की ३ डिसेंबरला. कारण तोच साचा दरवर्षी चालावा लागतो. मुलांच्या हाती अशी दिनदर्शिका असावी की नसावी यावर मी वाद घालणार नाही. पण जे साधन वाट पाहायला शिकवण्यासाठी निघाले ते रोज सकाळी काहीतरी मिळवून देण्याचे साधन झाले, आणि जिथे रोजच काही मिळते तिथे वाट कसली पाहायची, हा प्रश्न राहतोच.

याच्या उलट दुसरी गोष्ट हँबुर्गची आहे. योहान हिन्रिख विखर्न हे पाळक तेथे गरीब व निराधार मुलांसाठी एक आश्रम चालवीत. नाताळ कधी, नाताळ कधी, असे मुले सतत विचारीत, म्हणून १८३९ साली त्यांनी गाडीचे एक चाक घेतले आणि त्यावर मेणबत्त्या बसवल्या: रोजच्या दिवसांसाठी लहान लाल आणि चार रविवारांसाठी मोठ्या पांढऱ्या. रोज एक मेणबत्ती वाढे. मुलांना सण लवकर देऊन टाकण्याऐवजी त्यांनी उरलेले दिवस मुलांच्या डोळ्यांसमोर ठेवले, हे मला फार शहाणपणाचे वाटते. आज आपण हिरव्या पानांच्या कड्यावर ज्या चार मेणबत्त्या लावतो त्या या चाकावरूनच आल्या. घरी हे कडे ठेवणाऱ्याला एक गोष्ट आपोआप दिसते: चौथ्या आठवड्यापर्यंत चारही मेणबत्त्यांची उंची वेगवेगळी झालेली असते. पहिली जळून बोटभर उरते, तिच्या पायथ्याशी मेणाचे थर साचतात आणि चौथीची वात अजून पांढरी असते. दुकानातून आणलेल्या सजावटीत सगळे एकसारखे असते. इथे प्रत्येक आठवडा किती सरला ते मेणावर उमटते.

पण मेणबत्ती लावून झाल्यावर बसायचे कशासाठी? इथे रविवारची वाचने मदतीला येतात, आणि ती वाचने लक्ष देऊन ऐकणाऱ्याला प्रथम धक्काच बसतो. पहिल्या रविवारी ना मेंढपाळ, ना तारा, ना गव्हाणी. येशू शिष्यांना आपल्या पुन्हा येण्याविषयी सांगत आहे आणि जागे राहा म्हणतो आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या चोविसाव्या अध्यायात तो नोहाच्या दिवसांची आठवण देतो: लोक खात होते, पीत होते, लग्ने करीत होते, लावून देत होते, आणि जलप्रलय येऊन सर्वांना घेऊन जाईपर्यंत त्यांना काही समजले नाही. या ठिकाणी मी दरवर्षी थबकते. खाणे, पिणे, लग्न करणे यांत पाप ते काय? नोहाच्या काळातील दुष्टपणाची कथा उत्पत्तीच्या पुस्तकात आहे, पण येशू येथे तिचा उल्लेखही करीत नाही. तो फक्त एवढेच म्हणतो की त्यांना समजले नाही. डिसेंबरातील आपले जगणे या वर्णनाशी किती तंतोतंत जुळते! मेजवान्या, भेटी, खरेदी, प्रवासाची आरक्षणे. यांतले एकही वाईट नाही आणि सगळे मिळून माणसाला बेसावध करायला पुरेसे आहे.

बाराव्या शतकातील क्लेअरव्होचे मठाधिपती संत बर्नार्ड यांनी ख्रिस्ताची तीन आगमने सांगितली आहेत. पहिले देहाने, दुर्बलतेत. शेवटचे वैभवाने, न्यायासाठी. आणि या दोहोंच्या मध्ये एक गुप्त आगमन, जे माणसाच्या अंतःकरणात होते. बाजाराला यांपैकी पहिलेच उपयोगी आहे, कारण ते घडून गेले आहे, त्यात बाळ आहे आणि बाळ कुणाला काही विचारत नाही. दुसऱ्या दोन आगमनांची सजावट करता येत नाही. आगमनकाळात आपल्याला तयारी करायची असते ती मुख्यतः या दोहोंची, आणि म्हणून बाजाराशी स्पर्धा करण्याची गरजच पडत नाही. तो ज्या वस्तू विकतो त्यांत ही वस्तू नाही.

दुसऱ्या आणि तिसऱ्या रविवारी येतो बाप्तिस्मा करणारा योहान, येशूच्या आधी येऊन लोकांना त्याच्यासाठी तयार करणारा. नाताळच्या एकाही शुभेच्छापत्रावर मी त्याला पाहिलेले नाही, आणि तो असावा अशी कुणाची अपेक्षाही नसेल. उंटाच्या केसांचे वस्त्र, कमरेला कातड्याचा पट्टा, टोळ आणि रानमध खाणारा, समोर आलेल्यांना सापाच्या पिलांनो म्हणून हाक मारणारा हा मनुष्य दिवाणखान्यातील झाडाजवळ उभा करणे अवघडच. तरीही चारांपैकी दोन रविवार मंडळीने त्याला दिले आहेत. त्याला ओलांडल्याशिवाय बेथलेहेमची वाट नाही.

लूकच्या शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायात त्याच्याकडे आलेले लोक एकच प्रश्न तीनदा विचारतात: मग आम्ही काय करावे? मला आध्यात्मिक तयारी या शब्दप्रयोगाची थोडी भीती वाटते, कारण तो उच्चारला की आपण डोळे मिटून काहीतरी धूसर, गोड अनुभवायला बसतो. योहानाची उत्तरे इतकी रोखठोक आहेत की त्यांत धूसर काही उरत नाही. ज्याच्याजवळ दोन अंगरखे आहेत त्याने एक नसलेल्याला द्यावा, आणि अन्न असलेल्यानेही तसेच करावे. जकातदारांनी ठरवून दिलेल्यापेक्षा अधिक घेऊ नये. शिपायांनी कुणाला धाकदपटशा दाखवून पैसे उकळू नयेत, खोटा आरोप करू नये आणि आपल्या पगारात समाधान मानावे. त्याने जकातदाराला नोकरी सोडून अरण्यात ये असे म्हटले नाही, शिपायाला हत्यार टाक असेही म्हटले नाही. ज्याच्या हाताला ज्या जागी पैसा चिकटतो त्या जागेवर त्याने नेमके बोट ठेवले. तिन्ही उत्तरे कपडे, अन्न आणि पैसा यांच्याविषयीच आहेत, म्हणजे डिसेंबरात बाजारही आपल्याशी ज्या विषयांवर बोलतो त्याच विषयांवर. फक्त रोख उलट दिशेचा आहे.

हा प्रश्न मी आगमनकाळाच्या दुसऱ्या आठवड्यात वहीच्या एका पानावर लिहिते आणि उत्तरे शक्य तितकी ठोस ठेवते. कपाटात असे काय आहे जे दोन हिवाळ्यांत कुणाच्या अंगाला लागलेले नाही? घरात काम करणाऱ्या व्यक्तीची मजुरी नाताळच्या आधी, पूर्ण आणि न मागता दिली गेली आहे का, की आपल्या सुट्टीच्या गडबडीत ती जानेवारीवर जाणार आहे? उसने घेतलेले कुणाचे काही राहिले आहे का? आपण अर्ध्या रात्री मागवलेली वस्तू दुसऱ्या सकाळी दारात हवी म्हणून कुणाची तरी झोप मोडते, ती खरोखर मोडायला हवी का? आणि सर्वांत अवघड प्रश्न: ज्याच्याशी बोलणे बंद आहे त्याला नाताळच्या शुभेच्छांचा सामूहिक संदेश पाठवून मोकळे व्हायचे की आधी फोन करायचा? वेदीपाशी अर्पण ठेवून आधी भावाशी समेट करायला जा, असे येशूने डोंगरावरील प्रवचनात सांगितले आहे आणि त्यात उत्सवकाळाची सूट दिलेली नाही. पापनिवेदनाची परंपरा असलेल्या मंडळींत हे सगळे पापनिवेदनाच्या रांगेपर्यंत नेता येते. ती परंपरा नसली तरी वहीचे पान तेच राहते.

जुन्या करारातील यशया संदेष्ट्याच्या चाळिसाव्या अध्यायातील वाणीही योहानाच्याच तोंडी दिली आहे: परमेश्वराचा मार्ग सिद्ध करा, प्रत्येक खोरे उंच होवो, प्रत्येक डोंगर खाली होवो. खोरे आणि डोंगर दोन्ही एकाच माणसात असतात, असे मला वाटते. कुणाला आपल्या मोठेपणाचा डोंगर थोडा उतरवायचा असतो, तर कुणाला, आणि हे प्रवचनांतून फार कमी ऐकू येते, आपण काहीच योग्यतेचे नाही या खोल दरीत भर घालायची असते. पश्चात्ताप म्हणजे स्वतःला तुडवणे अशी समजूत करून घेतलेल्या भाविकांनी खोऱ्यांचे वाक्यही वाचावे.

चर्चमधील आम्ही मंडळीही बाजाराहून फार वेगळी वागतो असे नाही, हे येथे सांगितले पाहिजे. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातच नाताळगीतांच्या स्पर्धा, मंडळांची स्नेहसंमेलने आणि केक कापणे उरकून आम्ही २५ तारखेपर्यंत इतके तृप्त झालेले असतो की मध्यरात्रीच्या उपासनेत जांभया आवराव्या लागतात. आगमनकाळाची स्वतःची गीते आहेत, त्यांत आर्जव आहे, अंधार आहे, ये अशी हाक आहे. ती गायला गायकवृंदाला वेळच उरत नाही. उपासनेत या काळात वेदीवर जांभळा रंग असतो आणि गौरवगीत गायिले जात नाही, यामागे योजना आहे: ख्रिस्तजन्माच्या रात्री देवदूतांचे ते गीत पुन्हा उसळावे यासाठी ते चार रविवार बाजूला ठेवलेले असते. ज्याचा खंड पडला नाही त्याचे पुनरागमन ऐकू येत नाही.

अर्थात चेहरा लांब करून बसण्याचाही हा काळ नाही. तिसऱ्या रविवारी जांभळ्याच्या जागी गुलाबी रंग येतो आणि पौलाने फिलिप्पैकरांना लिहिलेले शब्द वाचले जातात: प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा. हे शब्द पौलाने बंदिवासातून लिहिले होते, आणि आगमनकाळाविषयी मी वाचलेल्या गोष्टींपैकी ज्या मनात खोल रुतून बसल्या त्याही तुरुंगातल्याच आहेत. बर्लिनच्या टेगेल तुरुंगातून जर्मन पाळक डीट्रिख बोन्हॉफर यांनी नोव्हेंबर १९४३ मध्ये एका मित्राला लिहिले होते, की तुरुंगाची कोठडी आगमनकाळाला चांगली उपमा आहे: माणूस वाट पाहतो, आशा करतो, हे कर ते कर असे काहीबाही करीत राहतो, पण दार बंद आहे आणि ते बाहेरूनच उघडू शकते. पुढच्याच वर्षी डिसेंबरात त्याच तुरुंगात येशूसंघीय धर्मगुरू आल्फ्रेड डेल्प हातांत बेड्या असताना आगमनकाळावरील चिंतने लिहीत होते. डेल्प यांना २ फेब्रुवारी १९४५ रोजी आणि बोन्हॉफर यांना ९ एप्रिल १९४५ रोजी नाझी राजवटीने फाशी दिली.

बाहेरून उघडणाऱ्या त्या दाराची गोष्ट मला योहानाच्या प्रश्नाइतकीच गरजेची वाटते, कारण तयारीचाही बाजार होऊ शकतो. चोवीस दिवसांचे प्रार्थना आव्हान, रोज सकाळी सूचना पाठवणारे ॲप, रंगीत रोजनिशी, पूर्ण झालेल्या दिवसांवर हिरवी खूण. यांत वाईट काही नाही, पण अकराव्या दिवशी खूण राहून गेली म्हणून ज्याला अपराधी वाटू लागते तो ख्रिस्ताची वाट पाहत नसून आपल्या कामगिरीची पाहत असतो. मार्ग सपाट करणे आपल्या हाती आहे. त्या मार्गावरून येणाऱ्याला ओढून आणणे नाही. म्हणून मी नियम थोडेच ठेवते. संध्याकाळी मेणबत्तीपाशी फोन दुसऱ्या खोलीत, यशयाचा किंवा त्या दिवसाच्या वाचनाचा एक उतारा मोठ्याने, आणि त्यानंतर जितका वेळ गप्प बसवेल तितका. भेटवस्तूंची खरेदी एकदाच, यादी करून, शक्यतो पहिल्या रविवारच्या आधी; मग ज्या जाहिराती येतील त्यांचा आपल्याशी संबंध उरत नाही. गोठा मांडायचा तो हळूहळू. १२२३ साली संत फ्रान्सिस यांनी इटलीतील ग्रेच्चो गावी गव्हाणी, गवत, बैल आणि गाढव आणून पहिल्यांदा तो देखावा उभा केला. आमच्या गोठ्यातही आधी गवत आणि जनावरे येतात, मागी लोक, म्हणजे बाळाच्या दर्शनाला पूर्वेकडून आलेले ज्ञानी, खोलीच्या दुसऱ्या टोकाला पुस्तकांच्या कप्प्यात असतात आणि बाळाची मूर्ती खणात कापडात गुंडाळलेली असते. पाहुणे रिकाम्या गव्हाणीकडे पाहून मूर्ती हरवली का असे विचारतात, आणि आगमनकाळाविषयी बोलण्याची याहून चांगली संधी मला तरी मिळालेली नाही.

१७ डिसेंबरपासून वाट पाहण्याचा सूर बदलतो. २३ तारखेपर्यंतच्या सात संध्याकाळी मरियेच्या स्तोत्राच्या आधी एकेक प्राचीन पूर्वगीत म्हटले जाते आणि त्यात ख्रिस्ताला जुन्या करारातील एकेका नावाने हाक मारली जाते: ज्ञान, प्रभू, इशायाचा अंकुर, दाविदाची किल्ली, उगवती प्रभा, राष्ट्रांचा राजा, इम्मानुएल. प्रत्येक गीतात एकच क्रियापद ठाण मांडून बसले आहे, ये. आणि त्यामागून येणारे मरियेचे स्तोत्र भुकेल्यांना तृप्त करून धनवानांना रिकाम्या हातांनी परत पाठवणाऱ्या देवाचे आहे. खरेदीच्या शेवटच्या आठवड्यात रोज संध्याकाळी हे म्हणावे लागणे यात मंडळीच्या पूर्वजांनी थोडी मिस्किली केली असावी, असे मला उगीचच वाटते.

उरली २५ तारीख आणि तिच्यानंतरचे दिवस. येथे दोन्ही पंचांगे अगदी उलटी होतात. २६ तारखेला दुकानांतील सजावट निम्म्या किमतीच्या टोपलीत जाते, गीते थांबतात आणि जाहिराती नववर्षाकडे वळतात; मंडळीचा नाताळ मात्र तेव्हा नुकता सुरू झालेला असतो आणि ६ जानेवारीच्या, मागी लोकांच्या भेटीची आठवण करणाऱ्या प्रकटीकरणाच्या सणापर्यंत तो १२ दिवस चालतो. डिसेंबरभर ज्यांना आमंत्रणे असतात त्यांना ती भरपूर असतात, आणि ज्यांना नसतात, एकटी म्हातारी माणसे, त्या वर्षी घरातले कुणी गेलेली कुटुंबे, रुग्णालयात अडकलेले लोक, त्यांच्याकडे २७ किंवा २८ तारखेला कुणीच जात नाही. म्हणून माझ्या भेटींची यादी मी त्या दिवसांसाठी राखून ठेवते, काही भेटवस्तूही मुद्दाम ६ जानेवारीपर्यंत मागे ठेवते, आणि नाताळ होऊन गेला ना, असे कुणी दारात विचारले तर अजून चालू आहे म्हणून सांगते.